‘युवा कार्यकर्ता’ नव्हे!

प्रश्न असा आहे: ‘यूथ वर्क पॉलिसी’चे मराठी ‘युवा कार्य धोरण’ बरोबर का, आणि ‘यूथ वर्कर’ला ‘युवा कार्यकर्ता’ म्हणावे का?

(यूथ वर्क म्हणजे शाळेबाहेर तरुणांबरोबर चालणारे शैक्षणिक काम, आणि ते करणारा तो यूथ वर्कर.) दुसऱ्याचे आधी उरकतो. नाही! ‘युवा कार्यकर्ता’ म्हटले की मराठी वाचकाला पक्षाचे उपरणे गळ्यात घातलेला पंचविशीतला पोरगा दिसतो. यूथ वर्कर पन्नाशीची बाईसुद्धा असू शकते. तरुण असतात ते तिच्याकडे येणारे. ‘युवा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण’ असे धोरणात छापा, वाचणारा ते पक्षाचे शिबिरच समजेल. ‘युवककार्य’ म्हणावे, तर मराठीत ‘युवक’ म्हणजे मुलगा. मुली बाहेरच राहिल्या.

आता ‘युवा’. मूळ संस्कृत शब्द युवन्. ‘युवा’ हे त्याचे प्रथमेचे एकवचनी रूप. समासात न् गळतो आणि उरतो ‘युव’: युवराज, युवजन. राजन्‌चे राजकारण, आत्मन्‌चे आत्मकथा, नामन्‌चे नामकरण. ‘आत्माकथा’ कोणी लिहीत नाही, मग ‘युवाधोरण’, ‘युवाशक्ती’, ‘युवापिढी’ का? माझ्या मते हा ‘युवावस्थे’चा प्रताप. तिथला आ ‘अवस्थे’चा आहे (युव + अवस्था), पण कानाला तो ‘युवा’चा वाटला आणि लोकांनी तो सगळीकडे डकवला. हे रूप हिंदीतून आले, एवढेच सांगून गप्प बसणारे कोशप्रेमी अर्धेच उत्तर देतात; हिंदीत तरी ते कशामुळे रुळले? आणि ‘रूढ झाले की शुद्ध’ म्हणणाऱ्यांनी एकदा ‘राजाकारण’ लिहून दाखवावे.

याच युवन्‌ची खरी गंमत पाणिनीकडे आहे. त्याची ‘युवा’ ही एक पारिभाषिक संज्ञा आहे: जीवति तु वंश्ये युवा, म्हणजे वंशातला वडीलधारा जिवंत असेल तोवर खालचा तो युवा. गर्गाचा नातू गार्ग्य. बाप हयात असेपर्यंत त्या गार्ग्याचा मुलगा गार्ग्यायण, म्हणजे युवा. वडीलधारे गेले की तोच माणूस गार्ग्य. वयाचा संबंधच नाही! पुढचे सूत्र तर म्हणते, थोरला भाऊ जिवंत असला तरी धाकटा युवाच. (वैयाकरण याला ‘युवसंज्ञा’ म्हणतात, ‘युवासंज्ञा’ नव्हे. नोंद घ्यावी.) शिवाय युवन्‌चे तमभाववाचक (‘सर्वांत तरुण’ अशा अर्थाचे) रूप यविष्ठ, आणि पाणिनी विकल्पाने मूळ शब्दाच्या जागी ‘कन्’ घ्यायला सांगतो तेव्हा कनिष्ठ. तिकडे लॅटिन युवेनिस हा युवन्‌चाच सगोत्र, त्याचे तरभाववाचक (‘अधिक तरुण’) रूप ‘ज्युनिअर’. तेव्हा ‘ज्युनिअर कॉलेज’चे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ करणाऱ्याने नकळत जवळजवळ नेमके भाषांतर केले.

आजच्या धोरणांनी मात्र वय धरले, आणि तिथे एकवाक्यता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तरुण म्हणजे 15 ते 24. आफ्रिकी संघाच्या तरुणविषयक सनदेत 15 ते 35. भारताच्या 2003च्या राष्ट्रीय धोरणात 13 ते 35, 2014च्या धोरणात 15 ते 29. म्हणजे तिशीतला माणूस कागद बदलला की म्हातारा. म्हणून धोरण मराठीत आणताना ‘तरुण’ किंवा ‘युवक’ एवढेच लिहून सोडू नका. पहिल्या कलमातच वय आकड्यात द्या.

राहिले ‘वर्क’. आयर्लंडच्या 2001च्या यूथ वर्क कायद्यात हे काम म्हणजे तरुणांच्या वैयक्तिक व सामाजिक विकासासाठी आखलेला, औपचारिक शिक्षणाला पूरक असा शैक्षणिक कार्यक्रम, आणि त्यातला सहभाग ऐच्छिक. ‘ऐच्छिक’ हा कणा. शाळेत हजेरी लागते. इथे पोरगा उठून जाऊ शकतो. म्हणून ‘युवा मार्गदर्शन’, ‘युवा प्रबोधन’ ही भाषांतरे अर्थालाच धक्का देतात: त्यांत एक बोलतो, बाकीचे ऐकतात. इंग्लंडच्या यूथ सर्व्हिसला (तिथल्या यूथ वर्कच्या सार्वजनिक व्यवस्थेला) वळण देणाऱ्या 1960च्या अल्बमार्ल अहवालाने तीन गोष्टी मागितल्या होत्या: सहवास, प्रशिक्षण आणि आव्हान. सहवास पहिला!

तेव्हा धोरणाचे नाव ‘युवकार्य धोरण’, एकत्र लिहून. हा समासही दोन्हीकडे वळतो, तरुणांनी केलेले काम की तरुणांबरोबरचे, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘तरुणांबरोबरचे काम’ असा खुलासा टाका; ‘तरुणांसाठी’ लिहिलेत की पुन्हा सेवा आणि उपदेश आलाच. माणसासाठी माझा शब्द ‘युवसोबती’. संस्कृतला मराठी जोडले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ‘राजवाडा’ म्हणणे आधी सोडावे.