मुलीला वनस्पतींतून सूज उतरवणारं औषध शोधायचंय

प्रश्न: माझी मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या आजीला संधिवातासाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागल्या आणि त्यातून पोटात व्रण झाला. तेव्हापासून 'वनस्पतीतून सूज उतरवणारं, त्रास न देणारं औषध शोधायचं' हे तिने मनाशी पक्कं केलंय. यात पुढे काम मिळेल का? की आधी नोकरीचं शिक्षण घे, हे नंतर बघ, असं तिला सांगू?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

'नंतर बघ' असं सांगू नका. घरातलं दुखणं पाहून मनात आलेला प्रश्न सहजासहजी विझत नाही, आणि या कामात वर्षानुवर्षं तग धरावी लागते. मला काळजी वाटते ती तिच्या 'त्रास न देणारं' या शब्दांची. वनस्पतीतलं म्हणजे निर्धोक, असं गृहीत धरून ती निघाली असेल, तर पहिल्याच वळणावर निराश होईल.

तिला विलोच्या झाडाची गोष्ट सांगा. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने या झाडाच्या सालीची पूड सुमारे ५० तापकऱ्यांना देऊन पाहिली आणि गुण येतो असं रॉयल सोसायटीला कळवलं. १८२८ मध्ये योहान बुखनर यांनी सालीतला कडू पदार्थ, सॅलिसिन, वेगळा काढला. १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन यांनी याच घराण्यातलं अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक अ‍ॅसिड शुद्ध रूपात बनवलं; तेच अ‍ॅस्पिरिन. पण ते शरीरात नेमकं करतं काय, हे जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं ते थेट १९७१ मध्ये. सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होणंच ते थांबवतं. आणि हीच द्रव्यं जठराच्या अस्तराचं रक्षणही करतात. आजींच्या गोळ्या याच पद्धतीने काम करणाऱ्या असतील, तर गुण आणि व्रण दोन्ही एकाच कारणाने आले. झाडापासून सुरू झालेल्या औषधाचीही यातून सुटका नाही. कोल्चिकम या फुलझाडातलं कोल्चिसिन गाऊटच्या, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांध्यांत होणाऱ्या दुखण्याच्या, सुजेवर आजही दिलं जातं, पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं.

या गोष्टीत तुमच्या मुलीसाठी चार वेगवेगळी कामं दडलेली आहेत. रुग्णावर गुण येतो का ते तपासणं, सालीतून नेमका पदार्थ वेगळा काढणं, तो बदलून सुधारणं, आणि तो शरीरात काय करतो ते शोधणं. ही चारही कामं एकच माणूस क्वचितच करतो. पदवी रसायनशास्त्राची असल्याने दुसरं आणि तिसरं काम तिच्या हाताशी आहे: फायटोकेमिस्ट्री (वनस्पतींतल्या द्रव्यांचं रसायनशास्त्र) किंवा मेडिसिनल केमिस्ट्री (औषधी रेणू घडवण्याचं रसायनशास्त्र). चौथ्याची ओढ असेल, तर फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरचा परिणाम) किंवा इम्युनॉलॉजीकडे (रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास) वळावं लागेल, आणि त्यासाठी जीवशास्त्राचा पाया नव्याने घालावा लागेल. पहिल्यासाठी क्लिनिकल रिसर्चचं वेगळं शिक्षण आहे.

आता नोकरीचं. नवीन रेणू शोधण्याची पदं थोडी असतात आणि बहुतेक ठिकाणी पीएच.डी. लागते, हे मी लपवणार नाही. पण एचपीएलसी, मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एनएमआर ही मिश्रणातली द्रव्यं वेगळी करण्याची, ओळखण्याची तंत्रं ज्याच्या हातात मुरलीयत, त्याला औषध, सौंदर्यप्रसाधनं, वनौषधी आणि अन्नतपासणी या सगळीकडे काम असतं. एकाच जातीच्या झाडात माती, हंगाम आणि झाडाचा भाग बदलला की द्रव्याचं प्रमाण बदलतं. प्रत्येक बॅचमध्ये ते तेवढंच आहे हे सिद्ध करणारा माणूस कंपनीला लागतोच. तिची शोधाची इच्छा आणि तुमची पोटापाण्याची चिंता, दोघांनाही हीच कौशल्यं उपयोगी पडतील. म्हणून मास्टर्सची जागा निवडताना विभागाच्या नावापेक्षा एक गोष्ट विचारा: ही उपकरणं विद्यार्थ्याला स्वतः चालवायला मिळतात का?

आणखी एक, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. या विषयात फसवे निकाल फार निघतात. हळदीतलं कर्क्युमिन घ्या. स्वतःच पिवळं, स्वतःच चमकणारं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं. त्यामुळे कितीतरी चाचण्या ते 'उपयोगी' म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात शरीराच्या पीएचला, म्हणजे तिथल्या आम्ल-अल्क पातळीला, ते काही मिनिटांत विघटित होतं आणि तोंडावाटे घेतलं तर रक्तात फारच थोडं पोचतं. कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त त्याचा आढावा घेतला, तेव्हा १२०हून अधिक क्लिनिकल ट्रायल होऊनही प्लासिबोशी (औषध नसलेल्या खोट्या गोळीशी) तुलना केलेली एकही डबल-ब्लाइंड चाचणी (कोणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) यशस्वी ठरलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसरा सापळा याहून साधा आहे. पेशींवर अर्क टाकला, सुजेची द्रव्यं कमी झाली, सगळे खूश झाले. आणि मग कळतं की अर्काने पेशीच मारल्या होत्या. पेशी जिवंत आहेत का, हे आधी तपासायला शिकवणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याच्या हाताखाली तिला बिनधास्त पाठवा.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत कोर्सची फी भरण्याआधी तिला दोन गोष्टी करू द्या. एखाद्या प्रयोगशाळेत सहा-आठ आठवडे अर्क काढण्याचं आणि कॉलम लावण्याचं, म्हणजे भरलेल्या नळीतून अर्क सोडून त्यातली द्रव्यं वेगळी करण्याचं, काम. ते कंटाळवाणं आहे. दिवसभर उभं राहून नळ्यांमध्ये थेंब गोळा करायचे असतात. आणि वर सांगितलेला २०१७चा आढावा, शब्दकोश जवळ घेऊन, पूर्ण वाचायचा. वाचून तिचा उत्साह मावळला, तर तसं स्पष्ट सांगू द्या. रसायनशास्त्रात इतर वाटा भरपूर आहेत. 'मग ही चाचणी नीट कशी करता आली असती?' असा प्रश्न तिच्या मनात उठला, तर पुढचं पत्र तिनेच मला लिहावं. मार्गदर्शक कसा शोधायचा, ते तिच्याशीच बोलेन.