सासूबाई शिवराक (शाकाहारी) आहेत, पायांना मुंग्या येतात. मल्टीव्हिटॅमिन सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सासूबाई ६६ वर्षांच्या, जन्मापासून शिवराक, मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू. चार-पाच महिने तळपायांना मुंग्या येतात, थकवा आहे. शेजारच्या बाईंनी मल्टीव्हिटॅमिन घ्यायला सांगितलंय. आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की घरचं जेवण एवढं सकस असताना व्हिटॅमिन कमी पडतंच कसं?

गोळी आणायच्या आधी रक्तातलं बी १२ तपासून घ्या, आणि याच आठवड्यात घ्या. आधी गोळी सुरू केली तर रक्तातला आकडा वर चढतो आणि मग डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही. मी डॉक्टर नाही, म्हापशाला औषधाच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरवर उभी आहे. पण साठीच्या पुढचं वय, शिवराक जेवण आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, ही तीन एकत्र आली की मी माणसाला आधी लॅबमध्ये जायला सांगते.

बी १२ कुठलीच वनस्पती तयार करत नाही. ते सूक्ष्मजंतू करतात, जनावरांच्या आणि माशांच्या अंगात साठतं आणि तिथून आपल्याला मिळतं. बांगडा, तारली, तिसऱ्या यांत ते भरपूर असतं. एका बांगड्यात दिवसाची गरज भागून वर उरतं. शिवराक माणसाच्या वाट्याला राहतं दूध, दही, ताक. सासूबाई रोज दूध किती घेतात ते एकदा नीट बघा. ‘दूध घेते की मी’ म्हणणाऱ्या पुष्कळ आज्यांचं दूध म्हणजे दोन कप चहात पडतं तेवढंच असतं. त्यात मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी १२ कमी शोषलं जातं. वय वाढलं की पोटातलं आम्लही कमी होतं, आणि अन्नाला चिकटलेलं बी १२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी चालू असेल तर तिचाही यात हात असतो. तुम्ही तसं लिहिलं नाहीये, पण त्यांना विचारा.

यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो. म्हणून मासे खाणाऱ्याने सोमवार, गुरुवार आणि अख्खा श्रावण पाळला तरी काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ज्याचा साठा हळूहळू आटतोय त्याच्याही लक्षात येत नाही. मज्जातंतूंच्या आवरणाला बी १२ लागतं. ते कमी पडलं की पायांना मुंग्या, तळव्यांची आग, चालताना तोल जाणं, विसरायला होणं. फार दिवस गेले तर हे नुकसान पूर्ण भरून येत नाही. अशाच मुंग्या मधुमेहानेही येतात. नेमकं काय आहे, की दोन्ही आहे, हे डॉक्टरच ठरवतील, म्हणून बी १२ बरोबर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्टही जवळ ठेवा.

आता मल्टीव्हिटॅमिन का नको ते. एक तर त्यातलं बी १२ बहुधा थोडेच मायक्रोग्रॅम असतं. निरोगी माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच असल्यामुळे ते पुरेसं वाटतं. पण जिथे शोषणच मंदावलंय तिथे डॉक्टर इंजेक्शन देतात किंवा १००० ते १५०० मायक्रोग्रॅमची गोळी, कारण मोठ्या मात्रेतलं शेकडा एक टक्का तरी आपोआप आत जातं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते फॉलिक ॲसिडचं. त्याची गोष्ट मुंबईतली आहे. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांना होणाऱ्या पंडुरोगाचा त्या अभ्यास करत होत्या, आणि यीस्टच्या अर्काने त्या बाया बऱ्या होतात असं त्यांना आढळलं. त्या अर्कातला जो घटक उपयोगी पडत होता त्याला पुढे फॉलिक ॲसिड नाव मिळालं. आज गरोदर बाईला डॉक्टर पहिली गोळी लिहून देतात ती हीच. पण बी १२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक ॲसिड मिळत राहिलं तर रक्त सुधारतं, चेहऱ्यावर तकाकी येते, घरच्यांना वाटतं गोळी लागू पडली. आणि आत मज्जातंतूंचं नुकसान तसंच चालू राहतं. शेजारणीच्या गोळीत फॉलिक ॲसिड असण्याची शक्यता बरीच आहे.

जेवणाविषयी तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ते मला मनापासून सांगायचंय, कारण ‘आमचं खाणं जुनाट’ म्हणून पेज सोडून बिस्किटांवर आलेली घरं मी बघते. उकड्या तांदळाची पेज साधी गोष्ट नाही. भात सालीसकट भिजवून उकडतात तेव्हा कोंड्यातलं बी १ दाण्याच्या आत मुरतं, मग गिरणीत कोंडा गेला तरी ते बरंचसं टिकतं. शिवाय पेजेचं पाणी आपण ओतून देत नाही, त्यामुळे पाण्यात उतरलेलं जीवनसत्त्वही पोटातच जातं. सुरय (न उकडलेला) तांदूळ चार पाण्यांत चोळून धुवायचा आणि वर शिजल्यावरचं पाणी निथळून टाकायचं, यात मात्र ते जातं. जीवनसत्त्वं असतात हे जगाला कळलं तेही तांदळामुळेच. जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर कोंबड्या पाळत. १८९० च्या दशकात त्यांना दिसलं की इस्पितळातला उरलेला पांढरा भात खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. त्यांना आधी वाटलं भातात विष आहे. भातात काहीतरी कमी आहे हे मागाहून उमगलं. व्हिटॅमिन हे नाव १९१२ सालचं.

तेव्हा पेज चालू ठेवा, वर चमचाभर खोबरं घातलेली तांबडी भाजी चालू ठेवा (तिच्यातला ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा माल अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवाच), मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) चालू ठेवा, त्यात फॉलेट आहे. उन्हाळ्यात बोंडू (काजूचं फळ) खाऊ द्या. त्यात संत्र्याहून कितीतरी जास्त ‘क’ असतं. मधुमेह आहे म्हणून निरो (बोंडूचा ताजा रस) पेलाभर नको, पण एखादं फळ चालेल. फक्त यांतल्या कशातही बी १२ नाही. तेवढ्या एका खिंडारासाठी सगळ्या जेवणाला नाव ठेवायचं कारण नाही आणि सगळ्या जीवनसत्त्वांची गोळी घ्यायचंही नाही.

‘जास्त झालं तर लघवीतून जातं’ असंही तुमच्या शेजारणीने सांगितलंय. बी आणि क बाबत बहुतांशी खरं. अ आणि ड बाबत अजिबात नाही, ती चरबीत आणि यकृतात साठतात. माझ्या मामाला ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं दिली होती, आठवड्याला एक. प्रिस्क्रिप्शनवरचं अक्षर त्याला लागलं नाही, दुकानात कुणी नीट समजावलं नाही, आणि तो रोज एक दुधात ढवळून पीत राहिला. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली तर एक पाकीट म्हणजे शंभर दिवसांचा साठा. उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ, बोलण्यात गोंधळ. मी भेटायला गेले तर पलंगाखाली स्टीलच्या डब्यात रिकामी पाकिटं घडी घालून ठेवलेली; मोजली तर एकतीस भरली. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर आलं होतं. अकरा दिवस इस्पितळात काढले त्याने. तेव्हापासून मी अशा प्रत्येक पाकिटावर पेनने वार लिहून देते. सासूबाईंना डॉक्टरांनी ड दिलंच तर तुम्हीही तसंच करा, कॅलेंडरवर रविवारी खूण करा.

डॉक्टरांकडे जाताना त्या घेतात त्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक असतील त्याही. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. ते औषध चांगलं आहे आणि बी १२ ची भरपाई त्याच्यासोबत करता येते. आणि आजपासून रोज रात्री त्यांचे तळपाय दिव्याखाली बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. मुंग्या येणाऱ्या पायाला काचेचा तुकडा रुतलेला कळत नाही, आणि अंगणात त्या अनवाणीच फिरत असतील.