सकाळी सगळे मोबाइल एकदम सिंक होतात तेव्हा सर्व्हर बसतो, काय ट्यून करू?

रॅम दुप्पट केली, पोस्टग्रेस डेटाबेसचा कनेक्शन पूल (एका वेळी उघडी ठेवायची कनेक्शन्स) २० वरून २०० केला, तरी शिफ्ट सुरू होताना सिंक अडकतंच असं तुम्ही लिहिलंय. आधी तो पूल परत खाली आणा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस चालवतं, त्यामुळे प्रोसेसरचे कोअर ८ असताना २०० क्वेऱ्या (डेटाबेसकडे केलेल्या मागण्या) एकदम सोडल्या की कुठलीच लवकर संपत नाही. दारात गर्दी करण्यापेक्षा बाहेर रांग परवडते.

खरा घोळ बहुतेक क्वेरीत असणार. पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (क्वेऱ्यांचा हिशोब ठेवणारं पोस्टग्रेसचं एक्स्टेंशन) चालू करून एकूण वेळ कोण खातंय ते बघा. दर वेळी अख्खा टेबल पाठवत असाल तर डेल्टा सिंकवर या, म्हणजे मागच्या सिंकनंतर बदललेलंच द्यायचं. आणि पानं ऑफसेटने (इतक्या ओळी सोडून पुढच्या दे, असं सांगून) काढू नका, पुढचं पान काढताना तो मागच्या सगळ्या ओळी वाचून फेकून देतो. शेवटच्या ओळीची अपडेटची वेळ आणि आयडी फोनकडून घ्या, त्याच दोन कॉलमवर इंडेक्स टाका, मग कितवंही पान असू दे, तेवढाच वेळ लागतो.

यात एक गोम आहे जी टेस्टिंगमध्ये सहसा दिसत नाही. अपडेटची वेळ पोस्टग्रेसच्या नाऊ फंक्शनने भरत असाल, तर ते ट्रान्झॅक्शन (एकत्र सेव्ह होणारे बदल) सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची म्हणजे बदल पक्के झाल्याची नाही, म्हणजे लांबलेलं ट्रान्झॅक्शन मागची वेळ घेऊन उशिरा उगवतं आणि तोवर फोन पुढे गेलेला असतो, ती ओळ त्याला कधीच मिळत नाही. म्हणून तुमचं सगळ्यात लांबलेलं ट्रान्झॅक्शन जेवढं चालतं त्याहून थोडं मागे जाऊन वाचा, डुप्लिकेट आलं तर फोनवर अपसर्ट करा (ओळ असेल तर बदला, नसेल तर टाका). वेळ सर्व्हरचीच धरा, फोनच्या घड्याळावर विसंबू नका. डिलीट झालेल्या ओळी उडवू नका, खूण करून ठेवा, नाहीतर फोनला कळणार कसं?

जीझिप (डेटा आवळून पाठवणं) वगैरे कराच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

राहिली एकदम येणारी गर्दी. बॅकग्राउंड सिंकला ० ते १० मिनिटांचा रँडम उशीर द्या. सर्व्हर भरला की ४२९ (खूप रिक्वेस्ट आल्या असं सांगणारा कोड) आणि सोबत रिट्राय आफ्टर हेडर (किती वेळाने परत यायचं ते) पाठवा, ॲपने तो पाळलाच पाहिजे, आणि हेडर नसेल तर प्रत्येक रिट्रायला थांबायचा वेळ वाढवत न्यायचा, तोही थोडा रँडम ठेवून, नाहीतर पडलेले सगळे परत एकाच सेकंदाला येतात. अपलोडला फोनवरच युनिक की बनवून लावा, म्हणजे तेच परत आलं तर सर्व्हरला ओळखता येईल, कारण टाइमआउट झाला तरी सर्व्हरने ते सेव्ह केलेलं असू शकतं आणि रिट्रायमध्ये तीच ऑर्डर दोनदा पडते.