टेबल रिकामं झालं पाहिजे

प्रश्न : आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात दाराजवळच्या टेबलावर दर महिन्याला एका विषयाची पुस्तकं मांडायचं काम माझ्याकडे आलंय. आतापर्यंत ‘विज्ञान’, ‘चरित्रं’ आणि ‘पर्यावरण’ झाले. कागदी फुलं, पताका, मोठा फलक, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. सभासद थांबतात, ‘छान’ म्हणतात, फोटो काढतात आणि पुस्तकाला हात न लावता पुढे जातात. कुठे चुकतंय? (एक ग्रंथालय सहायक)

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला माझं काचेचं कपाट आठवलं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, त्या तारखेचं निमित्त साधून मी अंतराळावरची पुस्तकं मांडली होती. थर्माकोलचा चंद्र, चंदेरी कागद, मागे काळं कापड. आणि सगळी पुस्तकं कुलूपबंद काचेआड, कारण हरवली तर भरून कोण देणार? तिसऱ्या दिवशी एक शाळकरी मुलगा देवघेवीच्या खिडकीशी आला. ‘ते मधलं निळं पुस्तक मिळेल?’ मी म्हटलं, ‘प्रदर्शन संपलं की मिळेल, महिनाअखेरीस.’ तो काही परत आला नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ सालची ग्रंथालयाची पाच सूत्रं मी परीक्षेत धडाधड लिहून मार्क मिळवले होते. त्यातलं पहिलंच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’. आणि कुलूप मी माझ्याच हातांनी लावलं होतं.

तुमच्या टेबलाला कुलूप नाही, पण पताका आणि फुलं जवळपास तेच काम करतात. इतक्या निगुतीने सजवलेलं काही विस्कटायला माणूस कचरतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. रोज सकाळी मांडणीतली दोन-तीन पुस्तकं स्वतःच काढून घ्या आणि ती जागा तशीच मोकळी सोडा. कुणीतरी आधीच नेलंय असं दिसलं की दुसऱ्याचाही हात पुढे येतो.

आता विषय. ‘विज्ञान’ हा मांडणीचा विषय नव्हे, ते कपाटाचं नाव आहे. तो फलक आत कपाटावर लागलेला असतोच, मग वाचकाने तोच पुन्हा दारात का वाचावा? ड्यूईंचं दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत, १८७६ सालचं. त्याची सोय अशी की प्रत्येक पुस्तकाला ठरलेली एक जागा मिळते, आणि अडचणही तीच. एक उदाहरण देते. मी एकदा ‘रात्री जागणारे’ असा विषय घेतला होता. आकाशदर्शन ५२० मध्ये, घुबडं ५९८ मध्ये, झोपेचं शरीरशास्त्र ६१२ मध्ये, दीपगृहं ३८७ मध्ये, आणि रहस्यकथा पार दुसऱ्या खोलीत. एरवी ही पुस्तकं एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. एका टेबलावर आल्यावर मात्र रहस्यकथा न्यायला आलेल्या आजोबांनी घुबडांचं पुस्तक नेलं. विषयवार मांडणी करायची ती अशा गाठीभेटींसाठी.

विषय ठरवायच्या आधी पुस्तकं मोजा. माझा हिशोब साधा आहे. टेबलावर मुखपृष्ठ समोर करून १५ पुस्तकं नीट मावतात. आठवड्याला १२ गेली आणि मांडणी ३ आठवडे ठेवायची म्हटली, तर १५ आणि ३६ मिळून ५१ लागतात. कपाटात हजर असलेली ५० पुस्तकं निघत नसतील तर विषय फार अरुंद आहे. २०० निघाली तर तो पुन्हा कपाटाचंच नाव झाला. वरची पस्तीस-छत्तीस ट्रॉलीवर राखीव ठेवा आणि जागा रिकामी होईल तशी भरत राहा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. रोज येणाऱ्यांना पुढे ते टेबल दिसेनासं होतं.

निवड करताना पुस्तकाचं शेवटचं पान उघडा आणि तारखेची चिठ्ठी बघा (संगणकावर असेल तर देवघेवीची नोंद). गाजलेली पुस्तकं टेबलावर नकोत. ती तशीही जातात, आणि पहिल्या दिवशीच संपली की टेबल ओकंबोकं दिसतं. चार-पाच ओळखीची ठेवा, वाचकाचा पाय थांबावा म्हणून. बाकीची अशी, की ज्यांच्या चिठ्ठीवर बरीच वर्षं शिक्का पडलेला नाही. रंगनाथनांचं तिसरं सूत्र ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ आहे, ते अशाच पुस्तकांसाठी असावं असं मला नेहमी वाटत आलंय. मात्र फाटकं, पिवळं पडलेलं, माहिती शिळी झालेलं पुस्तक दया म्हणून पुढे आणू नका. औषधोपचार आणि कायदा या विषयांत तर अजिबात नाही.

आणि चिठ्ठ्या लिहा. मोठ्या फलकावर वेळ घालवण्यापेक्षा पाच-सहा पुस्तकांत दोन ओळींचं कार्ड खोचा, हाताने लिहिलेलं. ‘अत्यंत वाचनीय’ असलं लिहायचं नाही, त्याने कुणी फसत नाही. ढगांवरच्या एका पुस्तकात मी लिहिलं होतं : ‘आधी मधला ढगांचा तक्ता बघा. मग खिडकीतून वर बघा.’ ते पुस्तक कित्येक वर्षं कपाटात पडून होतं. दुपारपर्यंत गेलं, कार्डासकट. कार्ड मला पुन्हा लिहावं लागलं.

दिनविशेषांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वरून तसा आग्रह होईलच. २१ मार्च कवितेचा, २२ मार्च पाण्याचा, २ एप्रिल बालपुस्तकांचा, २३ एप्रिल पुस्तकांचा. वर्षातून दोन-तीन घ्या, बाकीचे सोडून द्या. दिनविशेषाच्या टेबलाला बहुधा गृहपाठाचा वास येतो. घ्यायचाच तर तारखेच्या दहा दिवस आधी मांडा. त्या दिवशी मांडलं तर संध्याकाळी शिळं.

शेवटी मोजणी. मांडताना दाखल क्रमांक (ग्रंथालयाने प्रत्येक पुस्तकाला दिलेला नोंदणीचा आकडा) वहीत लिहून ठेवा, उचलताना त्यातली किती गेली ते बघा. गेलेल्यांपैकी वर्षभर न हललेली किती, हा आकडा वेगळा काढा. समितीपुढे फोटोऐवजी तो ठेवा.

प्रश्न : मांडणीतलं पुस्तक वाचक कपाटात शोधतात, सापडत नाही म्हणून चिडतात.

उत्तर : बरोबरच आहे त्यांचं. संगणकावर त्या पुस्तकाचं स्थान ‘दर्शनी टेबल’ असं बदला. तेवढ्यावर थांबू नका, कपाटात त्याच्या जागी पुठ्ठ्याची उभी पट्टी ठेवा : नाव, वर्गांक, ‘दाराजवळच्या टेबलावर’. वाचक आधी कपाट बघतो, संगणक नंतर.

प्रश्न : आमचं टेबल खिडकीपाशी आहे. मुखपृष्ठं फिकी पडू लागलीत. काचेला पडदा लावू का?

उत्तर : पडद्याने उजेड कमी होईल, पण तो सरकवणारे हातही असतात. टेबलच हलवा. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाल-पिवळे रंग आधी उडतात आणि सगळी मुखपृष्ठं निळसर दिसू लागतात. उडालेला रंग परत येत नाही. जागा बदलता येत नसेल तर खिडकीकडची पुस्तकं दर दोन दिवसांनी आतल्या बाजूला फिरवा, आणि एखादं पुस्तक मध्यावर उघडं ठेवलं असेल तर ते रोज संध्याकाळी मिटा. तीन आठवडे सपाट उघडं राहिलं तर बांधणी त्याच पानावर सुटते.