टेप व्हीसीआरमध्ये घालण्याआधी

सोलापूर

प्रिय मित्रा,

बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतली दोन खोकी भरून कॅसेटी तुझ्या घरी आल्या आहेत आणि त्यातल्या काहींवर पेनाने ‘रॉक मशीन’, ‘आय-रॉक’, ‘एमटीव्ही रात्री’ असं लिहिलेलं आहे, हे कळलं. रॉक मशीन म्हणजे मुंबईचा रॉक बँड, आणि आय-रॉक म्हणजे तिथला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव. आज रात्रीच लावून बघावं असं तुला वाटत असणार. लावू नकोस. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेली टेप पहिल्यांदा फिरते तेव्हाच ती चुरगळण्याचा, तुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून पहिली फेरी हीच शेवटची असं धरून चाल. टेप फिरायला लागेल तेव्हा तिचं रेकॉर्डिंग चालू असलंच पाहिजे.

आधी प्रत्येक कॅसेट बॅटरीच्या उजेडात धर आणि खिडकीतून रिळाची कड बघ. ती काळी, सपाट दिसायला हवी. पांढरी भुकटी किंवा बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सोलापूरची हवा कोरडी, इथे कुठली बुरशी, असं म्हणू नकोस. पावसाळ्यात माळ्यावरच्या बंद खोक्याला तेवढी ओल पुरते. बुरशी लागलेली एक टेप चालवलीस की तिचे कण हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसतात आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला लागतात. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधून बाजूला ठेव.

बाकीच्या एक दिवस खोलीत उभ्या ठेव, पुस्तकं ठेवतो तशा. पत्र्याखाली मे महिना काढलेल्या टेपची गुंडाळी सैल पडलेली असू शकते. कॅसेट उलटी केलीस की मधोमध एक छोटं भोक दिसेल. त्यात पेन्सिलीचं टोक दाबलं की रिळांचा ब्रेक सुटतो. मग बोटाने रीळ हळूच फिरवून बघ. अडकत फिरत असेल तर ती टेप आज नाही. मागच्या कडेची प्लास्टिकची चिप शाबूत असेल तर मोडून टाक, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

व्हीसीआर भंगारातून उचलण्यापेक्षा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या मंडळींकडे चौकशी कर. त्यांच्याकडची मशिनं वापरातली असतात, क्वचित एस-व्हीएचएसही, म्हणजे व्हीएचएसचं सुधारित मशीन, मिळतं. दोन गोष्टी बघून घे: हाय-फाय स्टीरिओ आहे का, आणि एस-व्हिडिओचा, म्हणजे जास्त स्वच्छ चित्र बाहेर देणारा, सॉकेट आहे का. संगीतासाठी पहिली जास्त महत्त्वाची. व्हीएचएसवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. टेपच्या कडेला एक साधा ट्रॅक असतो, त्यात झांजांची वरची किणकिण जवळजवळ उरत नाही. हाय-फाय आवाज मात्र फिरत्या ड्रमवरच्या हेडनी चित्रासोबत लिहिलेला असतो आणि तो जवळपास सीडीच्या तोडीचा लागतो. पण ट्रॅकिंग, म्हणजे हेडचं टेपवरच्या रेघेवर नेमकं बसणं, जरा हललं की त्यात ‘भर्रर्र’ असा आवाज येतो. तेव्हा ट्रॅकिंग हाताने लाव, आधी कानाने आणि मग डोळ्याने. तरीही भुरभुर गेली नाही तर दुसऱ्या फेरीत साधा ट्रॅक वेगळा उतरवून घे.

मशीन आलं की झाकण काढून आतली साफसफाई. प्लग आधी काढ. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या शेजारी राहिलेलं मशीन असेल तर आत कापसाचे तंतू सापडतील, ते मऊ ब्रशने काढ. ड्रमसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि इतर चिकट पदार्थ असतात. कानकोरणीचा कापूसही नको, त्याचा धागा हेडच्या टोकात अडकतो. शॅमी लेदरची, म्हणजे मऊ चामड्याची, पट्टी अल्कोहोलने ओली करून ड्रमला आडवी टेकवून स्थिर धर आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग सावकाश फिरव. पट्टी वर-खाली कधीच घासू नकोस. हेडचं टोक केसाएवढं बारीक असतं, असं घासलं की तुटतं, आणि मग मशीन गेलं. दहा मिनिटं वाळू दे. मग नको असलेली एखादी मालिकेची टेप अर्धा तास चालवून बघ. ती नीट बाहेर आली तरच रॉक मशीनची घाल. यूपीएस लागेलच. टेप ड्रमभोवती ओढली गेलेली असताना वीज गेली तर ती आत तशीच अडकते, आणि घाईने ओढून काढली की कायमची चुरगळते.

संगणकात उतरवताना बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. जुन्या टेपचा सिग्नल थरथरत येतो, व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी स्वस्त कॅप्चर स्टिक मधल्या फ्रेम टाकून देते, आणि तासाभराने ड्रमरचा हात आणि त्याचा आवाज जुळेनासे होतात. उपाय म्हणजे मध्ये टाइम बेस करेक्टर, थरथरता सिग्नल स्थिर करणारं यंत्र. तो महाग पडतो, त्यामुळे पॅनासॉनिकचा ईएस-१० किंवा ईएस-१५ डीव्हीडी रेकॉर्डर शोध. डिस्कवर काही लिहायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून पार करायचा. ओळी सरळ होतात. व्हर्च्युअलडब या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (टेपवर असतं तसं, एकाआड एक ओळींचं चित्र), हफवाययूव्ही कोडेक (काही न गमावता दाबणारा), आवाज ४८ किलोहर्ट्झ ठेव. तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात, म्हणजे ई-१८० ची, तीन तासांची, एक भरलेली टेप शंभर जीबीच्या आसपास. ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट-३२ असेल तर ४ जीबीला फाइल थांबेल, तो आधीच एनटीएफएस करून घे. गळालेल्या फ्रेमचा आकडा खाली दिसतो, त्यावर नजर ठेव.

कॉन्सर्टच्या टेपला आणखी एक जपणूक लागते. काळोख्या मंचावर पांढरा झोत पडतो तेव्हा गायकाचा चेहरा नुसता पांढरा ठिपका होतो. कॅप्चरचा कॉन्ट्रास्ट पहिल्यापासूनच थोडा खाली ठेव. अंधुक चित्र नंतर उजळता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही. लाल दिव्यांचा रंग खाली ओघळलेला दिसला तर ती कॉपीची कॉपी आहे असं समज. प्रत्येक कॉपीत रंग थोडा थोडा खाली सरकतो.

जाहिराती कापू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. तारीख तिथेच सापडते. स्टार टीव्हीवरची एमटीव्ही १९९१ ते १९९४ एवढीच होती, मग तिच्या जागी चॅनल व्ही आलं. त्यामुळे कोपऱ्यात व्ही असेल तर टेप १९९४ च्या आधीची असूच शकत नाही. रॉक मशीनने १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं, म्हणजे निवेदक काय नाव घेतो त्यावरूनही काळ कळतो. मात्र कॅसेटवर ‘आय-रॉक’ एवढंच लिहिलं असेल तर मुंबईचं रंगभवन आणि अमुक साल असं ठोकून देऊ नकोस. इंडिपेंडन्स रॉक १९८६ पासूनचा आहे, आणि एकदा चुकीचं साल पसरलं की ते खोडून काढणं फार अवघड असतं. ‘अंदाज’ असा शब्द लिहायला लाजू नकोस. बीबीसीने ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे साठच्या दशकातले बहुतेक भाग जपलेच नाहीत. असं हरवलेलं काही काही पुढे घरगुती रेकॉर्डिंगमधूनच सापडतं.

लोकांना दाखवण्याची प्रत वेगळी कर. मूळ फाइलला हात लावू नकोस. डीइंटरलेस करताना, म्हणजे त्या एकाआड एक ओळींची पूर्ण चित्रं करताना, सेकंदाला ५० फ्रेम ठेव, २५ केल्यास हालचाल निम्मी होते. आकार चारास तीन. एआयने चित्र ‘सुधारू’ नकोस. रॉक मशीनचा गिटारवादक महेश तिनईकरची बोटं गिटारच्या कोणत्या पट्टीवर आहेत हे बघायला चाहते येतात, आणि नेमकी तीच बोटं त्या सुधारणेत मेणासारखी वितळतात. खाली लिही: बँड, ठिकाण, वाहिनी, टेप मूळ की कॉपी, व्हीसीआर कोणता, मध्ये काय जोडलं होतं.

परवानगीचंही बघ. आपल्या कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं असतो. १९९३ च्या प्रसारणाचा २०१८ अखेर संपला. पण गाण्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो अजून चालू आहे, कलाकारांचाही असू शकतो. बँडमधल्या लोकांना आधी प्रत पाठव आणि विचार.

ड्राइव्ह दोन ठेव, त्यातला एक पुण्याला तुझ्या बहिणीकडे. आणि पहिल्या टेपची सुरुवातीची दोन मिनिटं, काहीही दुरुस्ती न करता, मला पाठव. ट्रॅकिंग कुठे सुटतंय ते बघून सांगतो, मग पुढची लाव.

तुझा,
काका