बाबा गप्प का झाले?

(हॉटेल आणि बाहेरच्या जेवणाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तर देतात मुंबईतल्या हॉटेलांमध्ये ३४ वर्षं स्टुअर्ड (वेटर), कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) आणि मॅनेजर म्हणून काम करून निवृत्त झालेले आमचे सल्लागार.)

प्रश्न : जूनमध्ये आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. त्यांना कराडहून बोलावून घेतलं आणि कोरेगाव पार्कातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि ते दोघं. बाबा एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. अशा ठिकाणी पहिल्यांदाच आले. बसल्या बसल्या वेटरनं विचारलं, ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग न मागवताच प्रत्येकापुढे एका घासाचं काहीतरी आलं, तर आई म्हणाली, ‘हे आम्ही सांगितलं नव्हतं, परत ने बाळा.’ तरी बाबा खुशीत होते. नात पदार्थाचं नाव वाचायची आणि बाबा किमतीचा अंदाज सांगायचे, असा दोघांचा खेळ चालला होता. भात आला तसा बाबा हातानं कालवायला लागले. मी हळूच म्हटलं, ‘बाबा, चमचा घ्या ना.’ पुढे ते फारसं बोलले नाहीत. आईनंही ‘पोट भरलं’ म्हणून प्लेट सारली. बिल ९,४७१ रुपये झालं. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता. नको म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, ‘कंपलसरी आहे, मेन्यूवर लिहिलंय.’ त्या दिवशी वाद नको म्हणून भरला. निघताना बाबांनी पाणी वाढणाऱ्या पोराला बाजूला घेऊन शंभराची नोट दिली, गाव विचारलं. तो औशाचा निघाला. गाडीत पुन्हा गप्प. इतकं महागडं ठिकाण निवडलं हेच चुकलं का? आणि सर्व्हिस चार्ज भरावाच लागतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, पैशाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात तो परस्पर जोडायचा नाही, दुसऱ्या नावानं घ्यायचा नाही, आणि जेवणाच्या रकमेत मिळवून वर त्यावर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या. त्यावर संघटनांनी अपील केलं आहे. मेन्यूवर बारीक अक्षरात छापलं म्हणून तो सक्तीचा होत नाही.

तुम्ही पाठवलेला बिलाचा फोटो मी नीट पाहिला. जेवण ८,२०० रुपयांचं. त्यावर सर्व्हिस चार्ज ८२०. मग या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे ९,०२० वर, ५ टक्के जीएसटी ४५१. बिल व्हायला हवं होतं ८,२०० अधिक ४१०, म्हणजे ८,६१०. तुमच्याकडून ८६१ रुपये जास्त घेतले. (हे रेस्टॉरंट स्वतंत्र आहे म्हणून जीएसटी ५ टक्के. ७,५०० रुपयांच्या वर खोलीभाडं असलेल्या मोठ्या हॉटेलातलं असतं तर १८ टक्के लागला असता.) बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढच्या वेळी बिल आलं की मॅनेजरला टेबलावर न बोलावता तुम्हीच उठून कॅश काउंटरपाशी जा. तिथे सूचनांचं नाव घेऊन शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी तो काढून देतात, आणि घरच्यांसमोर तमाशाही होत नाही.

मी स्वतः बरीच वर्षं सर्व्हिस चार्जमधल्या वाट्यावर घर चालवलं आहे. महिनाअखेरीला त्या पाकिटाची वाट बघणारी पोरं मला ठाऊक आहेत. तरीही सांगतो, तो मागून घेण्याचा पैसा नव्हे. द्यायचं तर तुमच्या बाबांसारखं द्यावं, ज्यानं वाढलं त्याच्या हातात.

आता खरा प्रश्न. बाबा बिलामुळे गप्प झाले असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचंच पत्र परत वाचा. किमतींचा तर ते नातीशी खेळ खेळत होते! निघताना त्यांनी आपल्या खिशातून शंभर रुपये काढले, औशाच्या पोराची चौकशी केली. पैशानं दुखावलेला माणूस असं वागत नाही. आणि बिल शेवटी आलं. ते गप्प झाले भात आल्यावर. ‘बाबा, चमचा घ्या ना.’ पत्रात तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्यांचं मन तिथेच अडकलं असणार. तुमच्या आईनंही त्याच घडीला प्लेट सारली. त्याही हातानंच जेवणार असतील.

तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. शेजारच्या टेबलावरच्यांनी बाबांकडे वेगळ्या नजरेनं बघू नये एवढंच तुम्हाला वाटलं. मीही त्याच भीतीतून गेलो आहे. १९९१ साली मी स्टुअर्ड होतो आणि आईला देवरुखहून आणून माझ्याच हॉटेलात जेवायला बसवलं होतं. तिनं एकदा आजूबाजूला पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला घाम फुटला. आमचे कॅप्टन मंगळूरचे, मराठी मोडकं. ते आले, काही न बोलता तिच्यापुढचे काटे-सुरी उचलले, खोलगट बोलमधला भात सपाट प्लेटमध्ये घेतला, त्यावर डाळ वाढली आणि म्हणाले, ‘आई, हातानं जेवा. मी पण घरी हातानंच.’ आई जेवली. मागून भात घेतला. त्या माणसाकडून मी पुढे पुष्कळ शिकलो, पण आधी हे शिकलो की पाहुण्याला अवघडल्यासारखं झालं तर चूक टेबल लावणाऱ्याची असते. हातानं भात खाणं कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये गैर नाही. चांगला स्टुअर्ड न सांगता फिंगर बोल, म्हणजे बोटं धुवायला वाटीत कोमट पाणी, आणतो. नाही आणला तर मागा.

तेव्हा ठिकाण चुकलं नाही. तयारी राहून गेली, आणि ती पुढच्या वेळी तुम्हाला करता येईल.

अशा ठिकाणी फोन दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान करावा. दुपारचं जेवण आटोपलेलं असतं, रात्रीची गर्दी लांब असते, कॅप्टनला तुमच्याशी बोलायला सवड असते. त्याला सरळ सांगा : वयस्कर आई-वडील आहेत, लग्नाचा वाढदिवस आहे, तिखट बेतानं, साधा डाळ-भात होईल का? होतो. मेन्यूत नसला तरी बहुतेक किचन करून देतात, कारण स्टाफसाठी तो रोज शिजतोच. टेबल एसीच्या झोताखाली नको, स्पीकरजवळ नको, आणि खाली रुतणारा सोफा तर नकोच. गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठवत नाही आणि हात मागायची लाज वाटते. वेळ साडेसातची घ्या. तुमचे आई-बाबा एरवी आठच्या आत जेवत असतील. नऊला भूक मेलेली असते, आणि किचनवरही तेव्हाच सगळ्यात जास्त ताण असतो.

पाण्याचं आणि त्या एका घासाचं उत्तर तुम्ही आधी देऊन ठेवायला हवं होतं. ‘स्टिल’ म्हणजे बाटलीतलं साधं, ‘स्पार्कलिंग’ म्हणजे सोड्यासारखं बुडबुड्यांचं. तो घास म्हणजे ‘अम्यूझ-बूश’, किचनकडून पाहुण्याला दिलेली चव; त्याचे पैसे लागत नाहीत. आईला हे माहीत असतं तर तिनं तो आवडीनं खाल्ला असता. काटकसरीनं संसार केलेल्या बाईला न मागवलेली वस्तू पुढे आली की धडकी भरते.

काही जण वडीलधाऱ्यांपासून किमती लपवतात, मेन्यूकार्ड त्यांच्या हातात देतच नाहीत. मला ते पटत नाही, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत तर अजिबात नाही. रोज डेपोत वेबिलाचा (तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाचा) आणि रोकडीचा पै-पैचा मेळ घालणारा माणूस आहे तो. त्यांना घरीच सांगा, ‘बाबा, यासाठी मी दहा हजार बाजूला काढलेत.’ आकडा एकदा कळला की ते निवांत बसतील. बिल आलं की तपासायलाही त्यांच्याच हातात द्या. सर्व्हिस चार्जवरचा जीएसटी त्यांनी तुमच्याआधी पकडला असता.

पण हे सगळं नंतर. आधी कराडला फोन करा आणि चमच्याचं बोला. आडून आडून नको. ‘बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला टोकलं, माझं चुकलं,’ एवढं पुरे. ते ‘मला काय वाटलं नाही’ म्हणतील. म्हणू द्या. मग नातीला फोन द्या आणि पुढच्या वेळचं ठिकाण त्या दोघांना ठरवू द्या.

प्रश्न : छापील २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे रेस्टॉरंटनं ९० रुपये लावले. हे चालतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बसून जेवलात तर चालतं. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये नुसती बाटली विकली जात नाही, तिथली जागा आणि सेवाही त्यात आली. त्यामुळे छापील किमतीचं बंधन तिथे लागू नाही. मला स्वतःला चौपट-पाचपट भाव पटत नाही, आणि मॅनेजर असताना मी टेबलावर आधीपासून बाटल्या मांडायला माझ्या पोरांना मनाई केली होती. तुम्ही बसताक्षणी ‘साधं फिल्टरचं पाणी द्या’ म्हणा. टेबलावर बाटली आधीच ठेवली असेल तर सील फुटायच्या आत परत करा.