स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची आई वारली आहे आणि तो अंगावर धावून येतो, नर्सने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहात आणि मानसोपचार वॉर्डातली ही तुमची पहिलीच पोस्टिंग. तुमच्या रुग्णाची आई महिन्याभरापूर्वी वारली. तो रडत नाही, एकटाच कुणाशी तरी बोलतो आणि जवळ गेलं की हात उगारतो. केअर प्लॅनमध्ये आधी आजार लिहू, शोक लिहू की आक्रमकता, असं तुम्ही विचारलं आहे. मी बरीच वर्षं मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. सुरक्षितता आधी, यात वाद नाही. पण हात का उगारला जातो हे कळेपर्यंत तीही टिकत नाही, आणि ते शोधायला तिन्ही गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात.

पहिली चौकशी गोळ्यांची करा. घरी गोळ्या कोण देत होतं? पुष्कळदा आईच देत असते. ती गेली की गोळ्या सुटतात, झोप उडते आणि काही आठवड्यांत इतरांना न ऐकू येणारे आवाज त्याला परत ऐकू यायला लागतात. नातेवाईक सांगतात, 'आईच्या धक्क्यानं असा झाला.' धक्का खराच, पण सुटलेल्या गोळ्यांची नोंद कुणीतरी केली पाहिजे, आणि ती बहुधा आपणच करतो.

तो रडत नाही म्हणून त्याला दुःख नाही असं कृपा करून समजू नका. चेहऱ्यावर भाव न उमटणं हे या आजाराचंच एक लक्षण आहे. 'त्याला काही वाटतच नाही' हे वाक्य ड्यूटी बदलताना ऐकलं की मला फार वाईट वाटतं. शोकाच्या पाच पायऱ्याही (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) त्याच्यावर लावत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून, आणि कुणाचाही शोक ठरलेल्या क्रमाने चालत नाही. त्याला अंत्यदर्शनाला नेलं होतं का, आई गेल्याचं नीट सांगितलं होतं का, हे मात्र नातेवाइकांना विचारा. 'त्रास होईल' म्हणून अशा रुग्णापासून मृत्यू लपवला जातो, मग तो तिला शोधत राहतो आणि अडवलं की चिडतो. तसं असेल तर डॉक्टरांशी बोलून त्याला सत्य सरळ शब्दांत सांगायला हवं, आणि तेच पुन्हा सांगायची तयारी ठेवायला हवी.

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं हे कसलाही मानसिक आजार नसलेल्यांनाही शोकात होतं. म्हणून आवाज येतो एवढ्यावर थांबू नका, तो काय सांगतो ते विचारा. 'मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्यानं तुम्ही घाबरला आहात असं दिसतंय,' एवढं म्हणा. वाद घालू नका, होकारही भरू नका. 'माझ्याकडे ये', 'त्याला मार' असे हुकूम येत असतील तर लगेच डॉक्टरांना कळवा आणि त्याला एकटं सोडू नका. आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत.

तो चिडायला लागला की आधी अंगावर दिसतं: येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, घट्ट जबडा, वाढलेला श्वास. गळ्यातला स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची दोरी आधीच काढून ठेवा. दोन हातांचं अंतर ठेवून किंचित तिरपं उभं राहा, तळवे दिसू द्या, दरवाजा तुमच्यासाठीही मोकळा हवा आणि त्याच्यासाठीही. बोलायचं एकानंच. छोटं वाक्य, मग थांबायचं. मागून हात लावू नका.

हॅलोपेरिडॉलसारखं या आजारावरचं औषध सुरू झाल्यावर अस्वस्थता वाढली असेल तर 'पाय एका जागी राहत नाहीत का?' असं विचारा. तो अकॅथिसिया, म्हणजे औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. त्याला आक्रमकता समजून डोस वाढवला तर त्रास आणखी वाढतो. ताप, रक्तातली साखर, डोक्याला मार, अचानक सुटलेली दारू हेही तपासा, विशेषतः त्याला वेळ-काळाचं भान राहत नसेल तर.

बांधून ठेवणं हा शेवटचा उपाय, तोही डॉक्टरांच्या आदेशानं आणि शक्य तितका कमी वेळ. पालथं दाबून धरू नका, श्वास कोंडतो. श्वास, नाडी, हातापायांचा रंग पाहत राहा, पाणी आणि लघवीचं विचारा.

प्लॅनमध्ये 'रुग्ण आक्रमक' एवढंच लिहू नका, कधी आणि कशानंतर ते लिहा. समजा, नोंदीतून असं दिसलं की इतरांचे नातेवाईक भेटायला आले की येरझाऱ्या सुरू होतात. मग भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधीच त्याला बाजूच्या शांत खोलीत यायचं का ते विचारा, सोबत बसा, आणि आईबद्दल बोलावंसं वाटलं तर बोलू द्या. पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरनाही ही वेळ सांगून ठेवा.